शून्य, रिकामी जागा आणि न झालेली नोंद

चौथीच्या वर्गात पाच मुले आहेत आणि त्यांची २० गुणांची गणिताची चाचणी घेतली, असे समजू. चौघांना अनुक्रमे १६, १२, ८ व ० गुण मिळाले. पाचवा मुलगा त्या दिवशी गैरहजर होता. वर्गाची सरासरी किती? परीक्षेस बसलेल्या चौघांची बेरीज ३६, म्हणून सरासरी ९. गैरहजर मुलाच्या नावापुढे शून्य मांडले तर तीच सरासरी ७.२ होते. उलट, शून्य गुण मिळविणाऱ्यालाही गैरहजर समजून वगळले तर ती १२ वर जाते. मुले तीच, चाचणी तीच. तरी उत्तरे तीन. बेरीज वा भागाकार कोठेच चुकलेला नाही. चूक आहे ती ‘काही नाही’ या शब्दांचा अर्थ न ठरविण्यात.

हजेरीपत्रक हाताने लिहिणारा शिक्षक ही चूक सहसा करीत नाही. गैरहजरीची खूण वेगळी आणि शून्य वेगळे, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. परंतु आज शाळेची पुष्कळशी माहिती संगणकात भरली जाते, आणि संगणकाला आपण सांगितल्यावाचून काहीच उमगत नाही. म्हणून संगणकासाठी सूचनावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिताना ‘मूल्य आहे की नाही’ याची तपासणी स्पष्ट शब्दांत लिहावी लागते.

येथे तीन अवस्था नीट ओळखाव्यात. पहिली अवस्था शून्याची. शून्य हे मूल्य आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले, ते शून्य ही संख्या मानूनच. दुसरी अवस्था रिकाम्या मजकुराची. रकाना उघडला, पण त्यात एकही अक्षर लिहिले नाही. तिसरी अवस्था नोंदच नसण्याची. पायथन या संगणकभाषेत तिला ‘नन’ म्हणतात. माहितीसाठ्यांच्या एसक्यूएल या भाषेत ‘नल’ म्हणतात.

मुलांना हे समजावून देण्यास आगपेटीच्या तीन रिकाम्या डब्या पुरतात. पहिल्या डबीत ० लिहिलेली चिठ्ठी घालावी, दुसरीत कोरी चिठ्ठी घालावी, आणि तिसरीत चिठ्ठीच घालू नये. डब्या बंद असता तिन्ही सारख्याच दिसतात. प्रत्येक डबी उघडून मुलांनी ‘आत काय आहे?’ याचे उत्तर पूर्ण वाक्यात द्यावे. ‘काही नाही’ हे उत्तर स्वीकारू नये. एवढ्याने निम्मा पाठ होतो.

आता भाषांचा स्वभाव पाहू. पायथनमध्ये ‘इफ नॉट गुण’ अशी अट लिहिली, तर ती नन, रिकामा मजकूर आणि शून्य या तिन्हींना लागू पडते. लिहिणाऱ्याच्या मनात ‘गुण भरले नसतील तर’ एवढेच असते; यंत्र मात्र शून्य गुणांच्या मुलालाही त्याच रांगेत उभे करते. म्हणून तेथे ‘इफ गुण इज नन’ असे नेमके लिहावे. जावास्क्रिप्ट या भाषेत तर रिकाम्या मजकुराचे संख्येत रूपांतर करू गेल्यास ० हाती येतो. पायथनमध्ये तेच रिकाम्या मजकुराचे पूर्णांक करू गेल्यास यंत्र थांबून चूक दाखविते. चूक दाखविणारे यंत्र त्रासदायक वाटते खरे. पण निमूटपणे खोटे शून्य मांडणाऱ्यापेक्षा ते बरे.

एसक्यूएलमध्ये नल हे कशाच्याही बरोबरीचे ठरत नाही, दुसऱ्या नलच्याही नाही. दोन मुलांच्या जन्मतारखा ठाऊक नसल्या म्हणून त्या एकच आहेत, असे कोणी म्हणत नाही, तसेच हे. तेथे उत्तर ‘होय’ वा ‘नाही’ नसून ‘अज्ञात’ असे येते. यास्तव बरोबरीची खूण न वापरता ‘इज नल’ अशीच पृच्छा करावी लागते.

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमधील संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेची रचना करताना ‘कशाचाही निर्देश न करणारा निर्देश’ तीत घातला, कारण तो घालणे सोपे होते. पुढे २००९ मध्ये एका व्याख्यानात त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटले. नसलेल्या वस्तूला आहे असे समजून हात घातला, की प्रोग्रॅम कोसळतो. अशा घटनांची ती किंमत होती.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम नोंद आहे काय, हे पाहावे. असल्यास मागचीपुढची मोकळी जागा काढून मजकूर रिकामा तर नाही ना, हे पाहावे. कारण केवळ मोकळ्या जागेची कळ दाबलेला रकानाही भरल्यासारखा भासतो. त्यानंतर तो मजकूर संख्या आहे काय आणि ती ० ते २० च्या दरम्यान आहे काय, हे तपासावे. ही तपासणी माहिती आत येतानाच करावी, सरासरी काढून झाल्यावर नव्हे. नोंद नसेल तेथे मनाने शून्य भरू नये. ‘गैरहजर’, ‘नोंद बाकी’ किंवा ‘लागू नाही’ असे कारण लिहावे. अहवालात सरासरीसोबत ‘४ मुलांवरून, १ गैरहजर’ असेही नमूद करावे.

हा काटेकोरपणा यंत्रासाठी नव्हे, मुलासाठी आहे. ज्याला शून्य गुण मिळाले त्याला शिक्षकाने जवळ बसवून पुन्हा शिकवावयाचे आहे. जो गैरहजर होता त्याच्या घरी जाऊन कारण विचारावयाचे आहे. प्रोग्रॅमने दोघांना एकाच रकान्यात ढकलले, तर पहिला यादीतून नाहीसा होतो आणि दुसऱ्यावर अपयशाचा खोटा शिक्का बसतो. दोघांचीही गरज खरी असते. फक्त ती निरनिराळी असते. ती ओळखणारी एक ओळ लिहिण्यास फार वेळ लागत नाही.