तबकडीवरचा काळ

वेष्टनावरील मजकूर न वाचता, केवळ गायन ऐकून ध्वनिमुद्रिकेचा काळ सांगता यावा, या हव्यासापायी गेली तीस वर्षे मी जुन्या तबकड्या ऐकत आलो. आणि प्रारंभीची कित्येक वर्षे ज्याला मी गायकीचे युग समजत होतो, ते पुष्कळ अंशी यंत्राचेच युग होते, हे फार उशिरा ध्यानी आले.

१९०२ साली गैसबर्गसाहेबाने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून वीस-पंचवीस वर्षे गवयाला कर्ण्यासमोर गावे लागे. आवाज चढा व टोकदार, साथ पुसट, तंबोऱ्याची आस जवळजवळ लुप्त, तीन मिनिटांची मुदत सरण्यापूर्वी तानांची धांदल आणि अखेरीस स्वतःच्या नावाचा पुकारा, हा पुष्कळ तबकड्यांचा शिरस्ता. त्या काळचे गाणेच असे घाईचे होते, असा निवाडा मी देऊन मोकळा झालो होतो.

तो निवाडा अब्दुल करीम खाँसाहेबांनी फिरवला. त्यांच्या १९०५च्या सुमाराच्या आणि १९३०नंतरच्या तबकड्या मी एका संध्याकाळी लागोपाठ लावल्या. पहिल्यांत तरुण, चपळ, तानेवर तान फेकणारा गवई. दुसऱ्यांत तोच गळा, परंतु झिंझोटीच्या एकेका स्वरावर असा विसावलेला, की तो तंबोऱ्याच्या झंकारातून निराळा काढता येऊ नये. मुदत दोहोंकडे तीनच मिनिटांची! विजेच्या मायक्रोफोनने हळुवार स्वर टिपला जाऊ लागला, हे खरेच. पण तेवढ्याने तो विसावा येत नाही. तो खाँसाहेबांच्या चिंतनाचा.

पुढे दीर्घमुद्रिका आली, आणि अमीर खाँसाहेबांचा झूमऱ्यातला मारवा ऐकताना, षड्जाला दूर ठेवून राग किती वेळ तिष्ठत राहू शकतो, हे प्रथमच कळले.

केसरबाई केरकरांपाशी मात्र माझे सारे दाखले अपुरे पडतात. त्यांच्या तबकड्या विजेच्या मुद्रणाच्या, हे कान तत्काळ सांगतो. पण तो भरदार आकार आणि एकीतून दुसरी उमलत जाणारी तान अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीची, आणि खाँसाहेबांनी तर स्वतःचा आवाज कधी तबकडीवर येऊ दिला नाही. म्हणून त्या तीन मिनिटांत मी अद्यापि दोन काळ ऐकत बसतो: एक बाईंचा, आणि दुसरा, ज्याची कोणत्याही दप्तरात तबकडी नाही असा, त्यांच्या गुरूंचा.