माजी सैनिकांचे पाल्य आणि वैद्यकीय महाविद्यालयाची निवड

देवळालीचे तोफखाना विद्यालय आणि नाशिक रोड येथील तोफखाना केंद्र यांमुळे नाशिक जिल्ह्याचे सैन्याशी असलेले नाते जुने आहे. सैन्यातील हवालदार चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन गावी परततो, तेव्हा त्याचे थोरले अपत्य बहुधा अकरावी-बारावीत असते. मुलीने डॉक्टर व्हावे अशी घरातील सर्वांची इच्छा असते. हाती भविष्य निर्वाह निधीची आणि उपदानाची रक्कम आलेली असते. तिच्यातून घर बांधावे, विहीर खोदावी की मुलीच्या शिक्षणासाठी ती राखून ठेवावी, हा प्रश्न त्या कुटुंबापुढे उभा राहतो. अशा वेळी कोणत्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी अर्ज करावा, याचा निर्णय ऐकीव माहितीवर घेतला गेला तर त्याची किंमत एका वर्षाने आणि आयुष्यभराच्या बचतीने मोजावी लागते.

महाविद्यालयाच्या नावलौकिकापासून विचारास आरंभ करण्याचा प्रघात आहे. परंतु माजी सैनिकाच्या कुटुंबाने प्रथम आपणास कोणकोणत्या वाटा खुल्या आहेत हे निश्चित करावे आणि महाविद्यालयांचा विचार त्यानंतर करावा, हे अधिक श्रेयस्कर होय.

सवलत कोणासाठी?

या बाबतीत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. राज्यातील वैद्यकीय प्रवेशांत संरक्षण दलांसाठी राखीव असलेल्या जागा माजी सैनिकाच्या पाल्यासाठी आहेत; स्वतः माजी सैनिकासाठी नाहीत. या जागांचे तीन वर्ग केलेले आहेत. महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या माजी सैनिकांची मुले पहिल्या वर्गात, महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या कार्यरत सैनिकांची मुले दुसऱ्या वर्गात आणि परराज्यातील परंतु महाराष्ट्रात नियुक्तीवर असलेल्या सैनिकांची मुले तिसऱ्या वर्गात मोडतात. संरक्षण आस्थापनांतील नागरी कर्मचाऱ्यांच्या मुलांना ही सवलत मिळत नाही. नाशिक परिसरात असे कर्मचारी मोठ्या संख्येने असल्याने ही गोष्ट स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत १९४४ साली झालेल्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या स्वतःच्या शिक्षणाचा खर्च शासनाने उचलला. तेथे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होत असल्याने सैन्यातून आलेला तरुण स्वतः डॉक्टर होण्याचा विचार सहज करू शकतो. आपल्याकडे हे शिक्षण बारावीनंतर लगेच सुरू होते. साहजिकच येथील सवलतींचा रोख सैनिकाच्या पुढच्या पिढीकडे आहे.

तथापि माजी सैनिकाला स्वतःला ही वाट बंद आहे असे नाही. राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेची, म्हणजे 'नीट'ची, कमाल वयोमर्यादा काढून टाकण्यात आल्याचे २०२२ साली जाहीर झाले. सैन्यात परिचर्या साहाय्यक म्हणून भरती होण्यासाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय लागतात. हेच विषय 'नीट'लाही आवश्यक आहेत. तेव्हा असा एखादा निवृत्त सैनिक परीक्षेस बसू शकतो. मात्र त्याला सर्वसाधारण गुणवत्ता यादीतून किंवा त्याच्या सामाजिक प्रवर्गातूनच प्रवेश मिळवावा लागेल. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता लक्षात घेऊन त्याने आपला निर्णय घ्यावा.

प्रवेशाच्या पाच वाटा

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची वाट राज्याच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेची आहे. शासकीय व महानगरपालिकांच्या महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा याच प्रक्रियेतून भरल्या जातात. संरक्षण वर्गाच्या जागाही शासकीय, अनुदानित आणि महानगरपालिकांच्या महाविद्यालयांत ठेवलेल्या असतात. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयात त्या मिळतील असे गृहीत धरून कोणीही आपला आराखडा बांधू नये.

दुसरी वाट अखिल भारतीय कोट्याची आहे. शासकीय महाविद्यालयांतील उरलेल्या १५ टक्के जागा केंद्रीय समुपदेशन समिती देशभरातील गुणवत्तेनुसार भरते. या कोट्यात माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी वेगळ्या जागा नाहीत. अभिमत विद्यापीठांचे प्रवेशही हीच समिती करते. नाशिकला जवळ असलेले लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय या गटात येते. तेथे राज्याच्या राखीव जागांचे नियम लागू होत नाहीत आणि शुल्कही शासकीय महाविद्यालयांच्या कितीतरी पट असते.

तिसरी वाट पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाची होय. १९४८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत सैनिकाच्या पाल्यास आपोआप प्राधान्य मिळते, ही समजूत चुकीची आहे. 'नीट'च्या गुणांनंतर तेथे स्वतंत्र चाचणी, मुलाखत व वैद्यकीय तपासणी होते, उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि पदवीनंतर सैन्यात अधिकारी म्हणून सेवा करण्याचे बंधन असते. वर्षानुवर्षे बदल्या व विरह सोसलेल्या कुटुंबाने या बंधनाचा विचार मुलांशी मोकळेपणाने बोलून करावा. यासाठी नोंदणी केंद्रीय समितीकडेच करावी लागते. राज्याचा अर्ज भरला म्हणजे ही नोंदणी झाली असे होत नाही.

चौथी वाट दिल्ली छावणीतील सैनिकी वैद्यकीय विज्ञान महाविद्यालयाची आहे. सेना कल्याण शिक्षण संस्थेने २००८ साली सुरू केलेल्या या महाविद्यालयात भूदलातील कार्यरत व निवृत्त सैनिकांच्या पाल्यांना प्रवेश मिळतो. नौदल व वायुदलातील निवृत्तांनी ही मर्यादा ध्यानात घ्यावी.

पाचवी वाट केंद्र शासनाच्या राखीव निधीतील जागांची. संरक्षण मंत्रालयामार्फत भरल्या जाणाऱ्या या जागा थोड्या असतात. युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या पाल्यांना त्यांत अग्रक्रम असतो. त्यानंतर युद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांची, सेवेमुळे मृत्यू वा अपंगत्व आलेल्या सैनिकांची आणि शौर्यपदकधारकांची मुले येतात. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्या सैनिकाच्या पाल्याचा क्रम यांच्या मागे लागतो. वीरपत्नींनी मात्र या वाटेकडे दुर्लक्ष करू नये.

पसंतीक्रम कसा लावावा?

वाटा निश्चित झाल्यावरच महाविद्यालयांची यादी करावी. आरक्षण ही प्रवेशाची हमी नव्हे. संरक्षण वर्गातील उमेदवारांमध्येही 'नीट'च्या गुणानुक्रमेच निवड होते. म्हणून यादीत केवळ मुंबई-पुण्याची नामांकित महाविद्यालये लिहून थांबणे धोक्याचे आहे. १८४५ साली स्थापन झालेले मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय किंवा पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय अवश्य वर असावे. परंतु त्यांच्याखाली छत्रपती संभाजीनगर, धुळे, जळगाव व नंदुरबार येथील शासकीय महाविद्यालयांनाही स्थान हवे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत नाशिकचा समावेश आहे. खाजगी महाविद्यालयांपैकी मराठा विद्या प्रसारक समाजाचे आडगाव येथील डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आणि इगतपुरी तालुक्यातील धामणगावचे एस.एम.बी.टी. महाविद्यालय ही दोन जिल्ह्यातच आहेत.

जुने महाविद्यालय आणि नवे महाविद्यालय यांत निवड करताना इमारतीपेक्षा रुग्णालय पाहावे. विद्यार्थी खरे वैद्यक रुग्णांच्या खाटेजवळ शिकतो. ज्या रुग्णालयात रोज मोठ्या संख्येने रुग्ण येतात, प्रसूती व अपघात विभाग रात्रंदिवस चालतात आणि अध्यापकांची पदे भरलेली असतात, ते महाविद्यालय लहान शहरात असले तरी उपकारक ठरते. पदवीच्या बाबतीत चिंतेचे कारण नाही. १९९८ साली नाशिक येथे स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठच मुंबई, धुळे वा आडगाव येथील विद्यार्थ्याला पदवी देते. पुण्याचे सशस्त्र दल महाविद्यालयही याच विद्यापीठाशी संलग्न आहे.

खर्चाचा हिशोब एका वर्षाच्या शुल्कावर न करता संपूर्ण अभ्यासक्रमाचा करावा आणि त्यात वसतिगृह, भोजन व प्रवास यांची भर घालावी. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यास एक वर्ष शासकीय सेवा करण्याचे बंधन असते, हेही आधीच ठाऊक असावे. माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी असलेल्या प्रधानमंत्री शिष्यवृत्ती योजनेत निवड झाल्यास मुलींना दरमहा ३,००० रुपये व मुलांना २,५०० रुपये मिळतात. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली आहे. संस्था पातळीवरील कोट्यातून प्रवेश घेतल्यास ती मिळत नाही. सैनिक कल्याण विभागामार्फत अनेक जिल्ह्यांत सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहेही चालविली जातात. यादी करताना त्या गावी असे वसतिगृह आहे काय, याची चौकशी अवश्य करावी.

हा सर्व विचार झाल्यावर यादी खऱ्या पसंतीच्या क्रमाने लावावी. वरचे महाविद्यालय मिळणे कठीण वाटते म्हणून ते खाली ढकलू नये. गुण कमी पडल्यास पुढच्या पसंतीचा विचार आपोआप होतो. उलटपक्षी, जेथे जाणे कुटुंबास शक्यच नाही असे नाव यादीत ठेवू नये. नंतरच्या फेऱ्यांत मिळालेली जागा नाकारल्यास अनामत रक्कम व पुढील संधी दोन्ही गमावण्याचा प्रसंग येऊ शकतो.

कागदपत्रांची पूर्वतयारी

चांगल्या गुणांचा विद्यार्थीही कागदाअभावी आपल्या वर्गातून वगळला जातो. निकालानंतर अर्ज भरण्यास थोडेच दिवस मिळतात. म्हणून अकरावीच्या वर्षीच सेवामुक्ती पुस्तिका बाहेर काढून पाहावी. तिच्यात पाल्याचे घरगुती नाव किंवा चुकीची जन्मतारीख नोंदलेली असेल आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळी नोंद असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र मिळण्यास अडचण येते. ही दुरुस्ती सैनिकाच्या अभिलेख कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. तोफखान्यातील निवृत्ताचे अभिलेख कार्यालय नाशिक रोडलाच आहे. परंतु मराठा लाइट इन्फंट्रीच्या सैनिकाला बेळगावशी आणि महार रेजिमेंटच्या सैनिकाला मध्य प्रदेशातील सागरशी पत्रव्यवहार करावा लागतो. त्यात महिने जातात.

दुसरी अडचण अधिवासाची आहे. राज्याच्या कोट्यासाठी दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण होणे ही सर्वसाधारण अट आहे. वडिलांच्या बदल्यांमुळे पठाणकोट वा जोधपूरच्या शाळेत शिकलेल्या मुलांनी या अटीमुळे निराश होऊ नये. त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतील सैनिकांच्या पाल्यांसंबंधीच्या तरतुदी त्यांनी मुळातून वाचाव्यात आणि वडिलांचे अधिवास प्रमाणपत्र आधीच तयार ठेवावे.

गावाचे कर्तव्य

या कामी शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरणारे आहे. दहावीनंतर विषय निवडताना जीवशास्त्र सोडू नये, हे सांगण्याची वेळ शिक्षकाच्या हाती असते. 'नीट' मराठीतूनही देता येते, ही माहितीही अनेक घरांत पोचलेली नाही. ग्रामपंचायतीने गावातील माजी सैनिकांची व वीरपत्नींची यादी करून, ज्यांची मुले नववी ते बारावीत आहेत अशांची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी वेळीच गाठ घालून द्यावी. वीरपत्नीला तर हा सारा कागदी प्रवास एकटीने करावा लागतो. तिच्यासोबत कार्यालयापर्यंत जाणारे कोणी असले, तरी तिच्या मुलाचे एक वर्ष वाचू शकते.

ज्याने आपली उमेदीची वर्षे सीमेवर घालविली, त्याच्या मुलीचा प्रवेश केवळ एका नोंदीतील चुकीमुळे हुकू नये, यासाठी गावाने खर्चावयाचा आहे तो थोडासा वेळ.