पंचवीस कोंबड्या आणि धर्मादायाचा हिशेब

वर्धा जिल्ह्यात ‘गावासाठी काहीतरी करावं’ म्हणून कुणी पुढे आलं की यादी ठरलेली असते: शिलाई मशीन, शेळ्या, नाहीतर कोंबड्या. त्यात कोंबड्या स्वस्त, लवकर वाढणाऱ्या आणि फोटोत छान दिसणाऱ्या. म्हणून शेड उभी राहते, देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, पक्ष्यांची पहिली खेप येते. दुसरी खेप अनेक ठिकाणी येतच नाही. पैसा संपला असे त्याचे कारण सांगितले जाते. माझ्या मते पैशाआधी समज चुकलेले असतात, आणि ते बहुतेक ठिकाणी तेच ते असतात.

‘गांधीजींच्या जिल्ह्यात अंडी?’

हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर ज्यांच्या नावाने तो विचारला जातो त्यांनीच देऊन ठेवले आहे. १९३६ पासून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहिलेले गांधीजी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. तिथे त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्यात अंड्यांचा विषय टाळला नाही. कोंबड्याशी संबंध न येता घातलेल्या अंड्यातून पिल्लू निघतच नाही. तेव्हा ज्याला दूध चालते त्याला असे अंडे चालायला हरकत नसावी, असा त्यांचा युक्तिवाद आहे. स्वतः ते अंडी खात नव्हते, पण दुसऱ्याच्या ताटाचा विचार त्यांनी मोकळेपणाने केला होता.

अंडे द्यायला कोंबडी असली की कोंबडाही हवाच, ही समजूत खेड्यातसुद्धा घट्ट आहे. प्रत्यक्षात तलंग, म्हणजे तरुण मादी, वयात आली, पुरेसा उजेड आणि खाणे मिळाले, की ती कोंबड्याशिवाय अंडी घालते. पशुसंवर्धन विभागाच्या तलंगा गटात २५ माद्यांबरोबर ३ नर मिळतात, ते पिल्लांसाठी. शाळेतल्या मुलांसाठी फक्त अंडी हवी असतील तर नर ठेवूच नका. खाद्य वाचेल, गावातल्या माळकऱ्यांचा आक्षेप थोडा नरमेल, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात आणखी एक फायदा होईल: फलित अंड्यात उष्णतेने गर्भ वाढू लागतो, अफलित अंडे त्यामानाने टिकते.

‘कोंबडीले काय लागते? उकिरड्यावर चरून येते’

घरच्या चार गावरान कोंबड्यांपुरते हे खरे आहे. सकाळी खुराड्यातून सुटतात, दिवसभर किडे, दाणे, शिळेपाके खातात, संध्याकाळी परत येतात. त्या बदल्यात वर्षाला साठ-सत्तर अंडी देतात आणि मध्ये खुडूक बसतात. पण पंचवीस सुधारित कोंबड्या एका जागी आल्या की उकिरडा पुरत नाही. अंड्यावर असलेल्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. म्हणजे पंचवीस कोंबड्यांना महिन्याला ७५ ते ९० किलो. कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चात साधारण ७० टक्के वाटा खाद्याचाच असतो. देणगीच्या अंदाजपत्रकात मात्र शेडला पान भरून जागा आणि खाद्याला एक ओळ, असे पाहायला मिळते.

यावर गावातून लगेच तोडगा येतो: ‘घरचे सोयाबीन आहे, सरकीची ढेप आहे, तेच घालू.’ वर्ध्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात हा विचार साहजिक आहे आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचवणाऱ्या विकराला अडवणारे घटक असतात. दाणा उष्णतेतून गेल्याशिवाय ते निकामी होत नाहीत. कच्चे सोयाबीन खाऊन कोंबडीचे पोट भरते, पण अंगी लागत नाही. म्हणून तेल काढून उष्णतेवर प्रक्रिया केलेली सोया पेंड वापरायची, नाहीतर दाणे नीट भाजून घ्यायचे.

सरकीच्या ढेपेची गोष्ट आणखी विचित्र आहे. म्हशीला चालणारी ढेप कोंबडीला जपून द्यावी लागते, कारण सरकीत गॉसिपॉल नावाचे रसायन असते. ते बलकातल्या लोहाशी जुळते आणि अंडे काही दिवस ठेवले की बलक हिरवट, शेवाळी रंगाचा होतो. सरकीच्या तेलातले काही घटक पांढऱ्या भागाला गुलाबी छटा आणतात. शाळेच्या स्वयंपाकघरात एकदा हिरव्या बलकाचे अंडे फुटले की मग ‘काही नाही, ढेपेमुळे झाले’ हे पटवायला गावात दारोदार फिरावे लागेल. शिंपल्यांची भुकटी मात्र बिनधास्त द्या. कवचासाठी अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम लागते. वाढत्या तलंगेला साधारण एक टक्का पुरतो. ओलसर, बुरशी लागलेला मका कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

‘गावरान कोंबडीला रोग होत नाही’

होतो, आणि झाला की खुराडे रिकामे करून जातो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, लस न दिलेल्या कळपात शिरली की मान पिळवटलेल्या, लंगड्या झालेल्या, हिरवट पातळ विष्ठा टाकणाऱ्या कोंबड्या दिसू लागतात आणि थोड्याच दिवसांत जवळपास सगळा कळप जातो. यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा, चौथ्या आठवड्यात पुन्हा तीच, आणि आठव्या-दहाव्या आठवड्यात आर-टू-बी हे टोचण. मध्ये गंबोरोची आणि देवीची लस.

मग अडचण कुठे येते? लशीच्या कुपीत. एका कुपीत शंभर-दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, ती २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि एकदा मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्या असलेली बाई एकटी कुपी आणत नाही, आणली तर बाकीची वाया जाते. म्हणून लसीकरण गावाने मिळून करायचे: एक दिवस ठरवा, पशुसखीला आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी कळवा, आणि तुमच्या शेडसोबत शेजारणीच्याही कोंबड्यांना लस द्या. शेजारच्या अंगणातून रोग येतो, तेव्हा शेजारणीची लस हाही तुमचाच खर्च.

२०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा देशांतल्या अतिगरीब कुटुंबांवरचा एक मोठा अभ्यास आला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्याच्या लेखकांपैकी. कुटुंबांना जनावरे दिली, शिकवले, काही काळ खर्चाला मदत केली, घरी भेटी दिल्या. बहुतेक देशांत त्यांची स्थिती सुधारली आणि नंतरही टिकली. होंडुरासमध्ये गणित फसले, कारण तिथे बऱ्याच कुटुंबांना कोंबड्या मिळाल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच रोगाने मेल्या. प्रशिक्षणही होते, पैसाही होता.

‘जितकी मोठी शेड, तितके जास्त भले’

राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडे किंवा केळे द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला आणि लोकसहभागातून करता आले तर करा, असे शाळांना सांगण्यात आले. गावच्या धर्मादाय कुक्कुटपालनाला याहून नेमके काम कोणते? आणि ते किती मोठे असावे लागते, याचा हिशेब पाहा. ग्रामप्रियासारखी, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेली जात, खाद्य व्यवस्थित मिळाले तर वर्षाला १८० च्या आसपास अंडी देते. पंचवीस कोंबड्यांची आठवड्याला ८६ अंडी. चाळीस पटाच्या शाळेत प्रत्येक मुलाला आठवड्यात दोन अंडी दिली तर लागतात ८०. सुट्टीतली अंडी विकून खाद्याचा थोडा भार हलका होतो. झाले. हजार पक्ष्यांची शेड कशाला?

शेडचेही तेच. टिनपत्र्याची, चारी बाजूंनी बंद शेड पावसाळ्यात भक्कम वाटते आणि मे महिन्यात भट्टी होते. वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी ठेवून धापा टाकते. त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड इतका बाहेर पडतो की अंड्याचे कवच पातळ होऊ लागते. शेडची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, बाजूंना जाळी, पत्र्यावर कडब्याचा किंवा पाचटाचा थर, दुपारी ओली पोती, आणि खाद्य उजाडताना व उन्हे उतरल्यावर. हे सगळे गावात मिळते. रात्री मुंगूस आणि रानमांजर येतात, तेव्हा जाळी जमिनीत वीतभर पुरायला विसरू नका.

नवख्या गटाने एक दिवसाची पिल्लेही घेऊ नयेत. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. डिसेंबरच्या रात्री वीज गेली की सकाळी मेलेली पिल्ले मोजावी लागतात. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्या. आणि कडकनाथच्या नावाने ‘पक्षी आम्ही देतो, अंडी आम्हीच विकत घेतो’ असे सांगत कुणी आले तर २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात उघड झालेला घोटाळा आठवा. कडकनाथ झाबुआचा अस्सल पक्षी आहे, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तो अंडी कमी देतो, आणि महागडे अंडे विकत घेणारे गिऱ्हाईक गावात नसते.

‘फुकट वाटले की दान झाले’

२०१६ मध्ये बिल गेट्स यांनी गरीब देशांसाठी एक लाख कोंबड्या देऊ केल्या. बोलिव्हियाने त्या नाकारल्या: आमच्याकडे वर्षाला कोट्यवधी कोंबड्या तयार होतात, आम्हाला शिकवू नका. थोडा मानापमानाचा भाग सोडला तर मुद्दा बरोबर होता. देणाऱ्याने आधी विचारायला हवे की अडले कुठे आहे.

आपल्या जवळचे उदाहरण नागपूरहून इटारसीच्या वाटेवर आहे. मध्य प्रदेशात केसला-सुखतवा भागात ‘प्रदान’ संस्थेच्या मदतीने आदिवासी बायकांनी कुक्कुटपालनाची सहकारी संस्था उभी केली. प्रत्येकीची शेड तिच्याच घराजवळ, काही शे पक्ष्यांची. पिल्ले, खाद्य, औषध आणि विक्री संस्थेकडे. बाईला मोबदला तिने पक्षी किती नीट वाढवले त्यावर. बाजारभाव पडला तरी त्याचा तडाखा थेट तिच्या घरावर येत नाही. तिथे मदत गेली ती खरेदी-विक्रीची आणि देखरेखीची घडी बसवण्यात. कोंबड्या बायकांनीच वाढवल्या.

‘धर्मादाय आहे, मग कसले कागद?’

कागद जास्तच लागतात. न्यास असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी आणि दरवर्षीचे हिशेब. कुक्कुटपालनाचे उत्पन्न प्राप्तिकराच्या दृष्टीने शेती उत्पन्न नाही. अंडी विकलीत तर त्याच्या वह्या वेगळ्या ठेवा. अमेरिकेतला भाचा पैसे पाठवतो म्हणाला तर त्याचा पासपोर्ट कोणता ते आधी विचारा. भारतीय नागरिक असेल तर अडचण नाही. परकीय नागरिकत्व घेतले असेल तर ती परकीय देणगी ठरते आणि संस्थेकडे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक रुपयाही घेता येत नाही. शेड कुणाच्या सातबाऱ्यावर उभी आहे हेही पहिल्याच दिवशी लिहून घ्या. जमीन देणारा उदार असतो, त्याचे वारस तितके असतीलच असे नाही.

उरलेले दोन समज थोडक्यात. बर्ड फ्लूच्या बातमीने घाबरून अंडी फेकू नका. २००६ मध्ये नवापूरला देशातली पहिली साथ आली तेव्हापासून सांगितले जाते आहे की ७० अंशांवर नीट शिजलेल्या अंड्या-मांसात विषाणू टिकत नाही. मात्र एकाच वेळी बरेच पक्षी मेले तर ते नाल्यात न टाकता दवाखान्याला कळवा. आणि तपकिरी अंडे पांढऱ्यापेक्षा पौष्टिक नसते; रंग कोंबडीच्या जातीचा असतो.

तेव्हा देणगी द्यायची असेल तर पाटी लागणाऱ्या शेडसाठी देऊ नका. पंचवीस कोंबड्यांच्या वर्षभराच्या खाद्यासाठी, लशींसाठी आणि दुसऱ्या वर्षीच्या तलंगांसाठी द्या. आणि तलंगा आणण्याआधी दवाखान्यात जाऊन मानमोडीच्या लशीची तारीख पक्की करून या.