कर्करोगाच्या उपचारांमुळे होणारे मुखव्रण

डोके व मान या भागांतील कर्करोगावर किरणोपचार किंवा रसायनोपचार चालू असताना तोंडाच्या आतील अस्तराला सूज येते व त्यावर व्रण पडतात. त्यांना उपचारजन्य मुखव्रण म्हणतात. बोलीभाषेत याला 'तोंड येणे' असे म्हटले जाते. हे व्रण रोग बळावल्याचे लक्षण नसून उपचारांचा अपेक्षित व बहुधा तात्पुरता दुष्परिणाम आहे.

कारण व क्रम

तोंडाच्या अस्तरातील पेशी साधारणतः एक ते दोन आठवड्यांत नव्याने तयार होतात. कर्करोगाच्या पेशींप्रमाणेच या वेगाने वाढणाऱ्या पेशींवरही उपचारांचा आघात होतो. किरणोपचारात दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड लाल होऊन चुरचुरू लागते आणि तिसऱ्या आठवड्यापासून व्रण दिसतात. उपचार संपल्यानंतर ते भरून येण्यास काही आठवडे लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत ० ते ४ अशा श्रेणी आहेत. दुसऱ्या श्रेणीत व्रण असूनही घन आहार घेता येतो, तिसरीत केवळ पातळ पदार्थ गिळता येतात, तर चौथीत तोंडाने आहार घेणे अशक्य होते.

तोंडाची निगा

किरणोपचारापूर्वी दंतवैद्याकडून दातांची तपासणी करून घेणे हितावह असते. दात अतिशय मऊ ब्रशने घासावेत व कवळी शक्यतो काढून ठेवावी. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा मिसळून दिवसातून अनेक वेळा गुळण्या कराव्यात. हे पाणी गिळू नये. मद्यार्कयुक्त गुळण्यांची औषधे, तुरटी व लवंगेचे तेल टाळावे. मिश्री, तंबाखू, गुटखा व मद्य पूर्णतः वर्ज्य करावे.

वेदना असह्य होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे. बधिरता आणणारी औषधे, बेंझिडामाइनच्या गुळण्या, वेदनाशामके आणि काही केंद्रांत सौम्य लेसर यांचा उपयोग केला जातो. ताप, रक्तस्राव, तोंडात पांढरा थर किंवा पाणीही गिळता न येणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

आहार

भात व नाचणी ही भोर-वेल्हे परिसरातील नेहमीची धान्ये या काळात उपयोगी पडतात. तूप घातलेला गुरगुट्या भात, नाचणीची पेज, मुगाचे पातळ वरण, दूध, मऊ शिजवलेले अंडे व केळे हे पदार्थ कोमट किंवा गार करून थोडेथोडे घ्यावेत. ठेचा, लोणचे, चिंच, लिंबू, कडक भाकरी व गरम चहा टाळावा. पुरेसे खाता येत नसल्यास काही काळ नाकातून नळी घालून अन्न दिले जाते. ही अवस्था बहुधा तात्पुरती असते.

उपचारांत खंड न पडण्याचे महत्त्व

पुणे जिल्ह्यातील भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे सह्याद्रीच्या कुशीतील डोंगराळ तालुके होत. येथील रुग्णांना किरणोपचारासाठी पुणे शहर गाठावे लागते. भोर ते पुणे हे अंतर सुमारे ५० किलोमीटर असून वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरून प्रवास आणखी लांबतो. किरणोपचार सहसा आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे चालतात. व्रण नेमके याच काळाच्या मध्यावर तीव्र होतात. अशक्तपणा व वेदना यांमुळे 'तोंड बरे झाल्यावर जाऊ' असे रुग्णास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या अवधीत कर्करोगाच्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे मानले जाते. म्हणून घरी थांबण्याऐवजी उपचार केंद्रात जाऊन व्रणांविषयी सांगणे आवश्यक ठरते. खंड घ्यावा की नाही, याचा निर्णय डॉक्टरांनीच करावयाचा असतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार व रसायनोपचार यांचा समावेश आहे. रोजचा प्रवास झेपत नसल्यास उपचारकाळात शहरात राहण्याच्या सोयीविषयी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे आरंभीच चौकशी करावी.