तीस वर्षांत एक लाख गोण्या

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हा वॉर्डातला नेम. त्यात हयगय झाली की पाठीला जखमा होतात. एका रुग्णामागे हे काम दिवसात १२ वेळा, वर्षात ४,३८० वेळा.

आता नाशिकमधल्या एखाद्या सिस्टरचा हिशेब मांडू. तिच्या वॉर्डात असे १० रुग्ण धरा. आठ तासांच्या ड्युटीत प्रत्येकाची कूस चारदा, म्हणजे एकूण ४० वेळा. मदतीला मावशी किंवा वॉर्डबॉय आहे आणि दर वेळी सिस्टरच्या वाट्याला १५ किलोच भार येतो, असं समजू. तरी एका ड्युटीत ६०० किलो झाले. लासलगावच्या कांद्याच्या ५० किलोच्या गोणीत मोजलं, तर १२ गोण्या. वर्षाला ३०० ड्युट्या धरल्या तर ३,६०० गोण्या आणि ३० वर्षांच्या नोकरीत १,०८,०००. वजन ५,४०० टन! स्ट्रेचर, व्हीलचेअर, ऑक्सिजनचा सिलिंडर यात धरलेलाच नाही.

१५ किलो हा आकडा मुद्दामच बेताचा घेतला. रुग्ण हाताने उचलताना एका माणसावर साधारण १६ किलोंहून जास्त भार येऊ नये, असं अमेरिकी संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली सुचवलं. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला उचलायला चार माणसं हवीत. रात्रपाळीला चौघं आणायची कुठून?

हा भार मणक्यापर्यंत कसा पोचतो, हे १९९९ साली जर्मनीत थेट मोजलं गेलं. एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या दोन मणक्यांमधल्या चकतीतच दाबमापक बसवला होता. झोपल्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब भरला, उभं राहिल्यावर ५ किलो. पाठ वाकवून २० किलो उचलले तेव्हा २३ किलो. तेच वजन गुडघ्यात वाकून उचललं तर १७. वजन तेवढंच, फरक फक्त वाकण्याचा.

जगात २०२० साली कंबरदुखीचे ६१ कोटी ९० लाख रुग्ण होते. २०५० पर्यंत ते ८४ कोटींवर जातील, असा अंदाज आहे. यावर उपाय काय? २०१६ साली ३० हजारांहून अधिक लोकांवरचे अभ्यास एकत्र तपासले गेले. नियमित व्यायामाने कंबरदुखी उद्भवण्याचा धोका ३५ टक्क्यांनी घटला, व्यायामाला प्रशिक्षणाची जोड दिली तर ४५ टक्क्यांनी. नुसत्या कंबरपट्ट्याचा उपयोग दिसला नाही, नुसत्या व्याख्यानाचाही नाही. आणि व्यायाम सुटला की फायदाही ओसरतो.

आता सगळ्यात लहान आकडा. डेन्मार्कमधल्या तीन रुग्णालयांतल्या २०० महिला कर्मचाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाने कामाच्या वेळेत, सगळ्यांनी मिळून व्यायाम केला. दुसऱ्या गटाने घरी, एकेकटीने. आठवड्यातून पाच वेळा, दहा-दहा मिनिटं, दहा आठवडे. कामावर व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. एकूण वेळ लागला ५०० मिनिटं, म्हणजे एक ड्युटी आणि वर वीस मिनिटं.

एक व्यायाम तर वॉर्डाच्या पॅसेजमध्ये, युनिफॉर्मवरच जमतो. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभं राहा. गुडघे किंचित वाकवा, पाठ ताठ ठेवा आणि कुल्ले मागे नेत भिंतीला टेकवा. पुन्हा सरळ व्हा. असं दहा वेळा. कंबरेऐवजी खुब्यात वाकायची सवय अंगी मुरते, ती खाटेशी उपयोगी पडते.

हमालाचं ओझं भर बाजारात दिसतं. त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. सिस्टरचं आणि मावशीचं ओझं वॉर्डाच्या पडद्याआड राहतं. नर्सिंग आणि फिजिओथेरपी हे दोन्ही अभ्यासक्रम ज्याच्या छत्राखाली चालतात, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. शिकवणारे आणि शिकणारे एकाच गावात असताना अडतं फक्त वेळापत्रकापाशी. व्यायामाने माणसांची कमतरता भरून निघत नाही, वर-खाली होणाऱ्या खाटा लागतातच. पण ही दहा मिनिटं सिस्टरच्या घरच्या वेळेतून मागू नका. ती ड्युटीच्या तक्त्यात लिहा, पगारी वेळेत. २०२७ च्या सिंहस्थात नाशिकच्या रुग्णालयांवर गर्दीचा ताण येणार आहे. त्याआधी एवढं तरी व्हायलाच हवं.