हयगयीने होणारी इजा आणि वैद्याचे दायित्व

बुलढाणा जिल्ह्यातील चिकित्सालयांत व औषधालयांत, मग ती खामगावची असोत वा मेहकरची, वत्सनाभ, कुचला, धोतरा, भल्लातक यांचे कल्प नित्य हाताळले जातात. शोधन करून योग्य मात्रेत दिलेले विषही औषध ठरते. मात्रा चुकल्यास तेच घातक होते. असा प्रसंग ओढवल्यास कायदा आपणाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता अमलात आली. इजा करण्याचा हेतू नसतानाही बेदरकारपणे वा हयगयीने दुसऱ्याचा जीव अथवा सुरक्षितता धोक्यात आणल्यास कलम १२५ लागू होते. नुसता धोका निर्माण केल्यास ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, दुखापत झाल्यास ६ महिने किंवा ५,००० रुपये, आणि गंभीर दुखापत झाल्यास ३ वर्षे किंवा १०,००० रुपये, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गंभीर दुखापतीसाठी जुन्या कलम ३३८ मध्ये कमाल कारावास २ वर्षांचा होता.

मृत्यू ओढवल्यास कलम १०६ अन्वये ५ वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून वैद्यकीय प्रक्रिया करताना मृत्यू घडल्यास ही मर्यादा २ वर्षांची आहे. परंतु त्या कलमाच्या स्पष्टीकरणात ही संज्ञा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ खालील अर्हता व नोंदणी असणाऱ्यांपुरती ठेवली आहे. आपली नोंदणी वेगळ्या कायद्याखाली असल्याने, शब्दशः वाचता ही सवलत वैद्यांना मिळत नाही. याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो.

न्यायालयांची भूमिका मात्र सारासार विचाराची राहिली आहे. जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी दोषासाठी हयगय ढोबळ स्वरूपाची असली पाहिजे असे ठरविले, आणि तपासी अधिकाऱ्याने त्या शाखेतील तज्ज्ञाचे निष्पक्ष मत घ्यावे असे सांगितले. उपचारास यश आले नाही, एवढ्यावरून गुन्हा ठरत नाही. याउलट जुग्गनखान प्रकरणात (१९६४) होमिओपॅथी व्यावसायिकाने नारूच्या रुग्णास परिणामांचा अभ्यास न करता धोतरा दिला व रुग्ण दगावला. खुनाचा आरोप टिकला नाही, पण बेदरकार कृतीबद्दल २ वर्षांची सक्तमजुरी झाली. मुंबईच्या पूनम वर्मा प्रकरणात (१९९६) तर आपल्या शास्त्राबाहेरील औषध देणे हीच हयगय मानली गेली. तेथे प्रश्न नुकसानभरपाईचा होता.

यावरून आचरणाची दिशा स्पष्ट होते. वैद्याने रुग्णपत्रिकेत निदान, कल्प, मात्रा, अनुपान व दिलेल्या सूचना त्याच दिवशी लिहाव्यात. औषध नियमांच्या परिशिष्ट ई (१) मधील विषद्रव्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. औषधालयचालकांनी ती सूचना नसलेला माल स्वीकारू नये आणि असा कल्प वैद्याच्या पत्राविना हाती देऊ नये. आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीस परवाना लागत नाही. म्हणूनच दक्षतेचा भार अधिक आहे.

संकटसमयी आपली बाजू मांडणारा पहिला साक्षीदार म्हणजे वेळीच लिहिलेली नोंद, हे सर्व वैद्यबंधूंनी व भगिनींनी ध्यानी ठेवावे.