नवा प्रोग्रॅम, जुनी वही



अलिबागला आलेल्या प्रत्येकाला समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात जायची हौस असते. ओहोटी असली तर चालत जाता येते. पण परतायची वेळ चुकली की पाणी वाट अडवते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे आमच्याकडच्या कोळ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. पाहुण्यांना मात्र सांगावे लागते. म्हणून २०१२ साली आमच्या महाविद्यालयातील चार विद्यार्थ्यांनी या वेळा काढून देणारा एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. चंद्रसूर्याच्या आकर्षणाचे गणित माझ्याकडे आणि संगणक त्यांच्याकडे, अशी वाटणी होती. या उद्योगात एका दुपारी तीन दिवसांचे काम नाहीसे झाले. ते कसे झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी थोडी पूर्वतयारी करू या. प्रयोगवहीत पान फाडायचे नाही, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि तारीख घालायची, असे तुम्हांला शिकवलेले असते. का बरे? कारण कधी कधी चुकलेला आकडाच बरोबर निघतो! संगणकावर मात्र आज फाइल सेव्ह केली की कालची पुसली जाते. हा दोष काढण्यासाठी प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी ‘व्हर्जन कंट्रोल’ म्हणजे आवृत्ती-नियंत्रण वापरतात. प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि कशासाठी केला, हे त्यात नोंदलेले राहते आणि हवी ती जुनी आवृत्ती परत काढता येते.

आम्ही त्या वेळी ‘सबव्हर्जन’ नावाचे साधन वापरत होतो. त्यात दोन जागा असतात. एक कोठार, सगळा इतिहास तिथे. दुसरी कामाची प्रत, ही आपल्यापाशी. प्रतीत बदल करायचे आणि मनासारखे झाले की ते कोठारात जमा करायचे. या कामाच्या प्रतीत एक लपवलेला फोल्डर असतो. कोणती फाइल कोठारातून कोणत्या आवृत्तीची आणली, याचे टिपण त्यात असते. तुम्ही तो कधी उघडत नाही. आमचा सारा घोटाळा तिथेच झाला.

सबव्हर्जनच्या १.६ या आवृत्तीपर्यंत प्रत्येक फोल्डरात असा एकेक छोटा लपवलेला फोल्डर असे. शंभर फोल्डर असले तर शंभर टिपणे! ती चाळण्यात वेळ जाई. ऑक्टोबर २०११ मध्ये १.७ ही आवृत्ती आली. तिने ही सारी टिपणे गोळा करून अगदी वरच्या फोल्डरात एकाच माहितीकोशात ठेवली. सुधारणा चांगलीच होती. टिपणाच्या मांडणीलाही एक क्रमांक असतो, १.६ च्या मांडणीचा क्रमांक १० होता, १.७ च्या मांडणीचा २९.

आमची मुले कामाची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन दोन संगणकांवर आळीपाळीने काम करीत. त्यांपैकी एकावर प्रोग्रॅम लिहिण्याचे, तपासण्याचे आणि चालवण्याचे नवे सॉफ्टवेअर बसवले. त्याच्या पोटात सबव्हर्जन १.७ होते. प्रत उघडताच त्याने विचारले, ‘ही जुनी मांडणी नवी करू का?’ मुलाने ‘हो’ दाबले. (तुम्हीही दाबले असते. मीही.) दुसऱ्या दिवशी तीच प्रत जुन्या संगणकाला लावली, तर तिथल्या १.६ ने साफ नकार दिला: ही प्रत वाचण्याच्या मानाने मी फार जुना आहे, अशा अर्थाचा संदेश! नव्या मांडणीवरून जुनीकडे परतायची सोय नव्हती. घाबरून त्या मुलाने सारा फोल्डर पुसला आणि कोठारातून ताजी प्रत आणली. कोठाराला काहीच झाले नव्हते. जुना प्रोग्रॅम असो वा नवा, कोठाराशी दोघांचेही बोलणे व्यवस्थित चालू होते. पण उधाण आणि भांग यांच्या भरतीतला फरक धरण्यासाठी तीन दिवस खपून केलेले बदल अजून कोठारात जमाच केलेले नव्हते. ते गेले.

मुले त्या संदेशावर चिडली. मीही चिडलो. पण घरी जाताना वाटले, की संदेश आला नसता तर काय झाले असते? जुन्या प्रोग्रॅमने न समजणारे टिपण कसेबसे वाचले असते, त्यावर आपल्या पद्धतीने लिहिले असते, आणि महिन्याभराने आम्हांला कळले असते की इतिहासच बिघडला आहे. तेव्हा नकार ही मेहेरबानीच म्हणायची. कागदाची वही असा नकार कधी देत नाही, आणि म्हणूनच कागदावर काम करणाऱ्यांना जास्त सावध राहावे लागते. याचे उत्तम उदाहरण आमच्या गावातच आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत (आमच्या किल्ल्याचे कुलाबा वेगळे, नावांचा हा गोंधळ जुना आहे) पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीपासून घेतल्या जात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणायचे ठरले. त्यांच्या विद्युत्प्रवाहाने नाजूक चुंबकसूच्या विचलित झाल्या असत्या. म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड तपासून घेतला आणि लोखंड टाळले.

आता पेच पाहा. चुंबकीय क्षेत्र जागोजागी वेगळे असते. त्यात आपला काळा कातळ स्वतःच थोडाफार चुंबकित आहे. आज कुलाब्यात मोजले आणि उद्या अलिबागला, तर आलेखात एकदम पायरी पडेल. पन्नास वर्षांनी तो आलेख पाहणाऱ्याला वाटेल की पृथ्वीचे चुंबकत्वच त्या दिवशी बदलले! अलिबागला क्षैतिज घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला असतो आणि त्यात दिवसभरात होणारा नेहमीचा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचा. एवढ्याशा बदलाचा माग काढणाऱ्याला खोटी पायरी परवडणार कशी?

मूस यांच्या वेधशाळेने १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले. दोन्हींतला फरक किती, तो ऋतूंबरोबर बदलतो की काय, हे त्यावरून कळले. विजेची ट्राम धावली ती १९०७ साली. तोवर जोड पक्का बसला होता. १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी प्रसिद्ध केल्या. या जपणुकीचे फळ फार उशिरा मिळाले. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील स्फोटानंतर पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले होते. कुलाब्याच्या जुन्या आकड्यांवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी दाखवले, की त्या वेळी क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता. टेस्ला हे एककच मुळी १९६० साली ठरले! जुन्या वहीतला आकडा कोणत्या मापाचा, हे लिहून ठेवलेले होते म्हणूनच तो नव्या मापात आणता आला. वहीचा ‘मांडणी-क्रमांक’ म्हणतात तो हाच.

उपमा इथे थोडी लंगडते, हे मान्य. वेधशाळेला फरक मोजून तो वजा करायचा होता. आम्हांला फक्त मांडणी जुळवायची होती. पण रीत तीच. नवे सॉफ्टवेअर बसवण्याआधी हातातले सगळे बदल कोठारात जमा करायचे. मग नव्यासाठी वेगळ्या फोल्डरात ताजी प्रत घ्यायची, जुनी तशीच ठेवायची, आणि काही दिवस दोन्ही चालवून पाहायच्या. नकाराचा संदेश आलाच, तर काहीही पुसायचे नाही. दुसरीकडे ताजी प्रत आणून बदललेल्या फाइली तेवढ्या तिच्यात ठेवायच्या. लपवलेला फोल्डर मात्र न्यायचा नाही. आम्ही एवढे केले असते तर पाच मिनिटांत सुटलो असतो.

आज बहुतेक ठिकाणी सबव्हर्जनऐवजी ‘गिट’ वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली सुरू केले. पेच मात्र तिथेही आहे. गिट प्रत्येक नोंदीला ४० चिन्हांची खूण देते. २०२० पासून ६४ चिन्हांची नवी, अधिक सुरक्षित खूणही वापरता येते. अशा खुणांचे कोठार जुन्या गिटपुढे ठेवले, तर ते आधी मांडणी-क्रमांक पाहते आणि नकार देते.

आमच्या मुलाने उधाण-भांगाचे ते गणित पुन्हा लिहिले. या वेळी दीड दिवसच लागला, आणि पहिल्यापेक्षा सुटसुटीत झाले, असे तोच म्हणाला. कोठारात जमा करताना ‘कशासाठी’ या रकान्यात त्याने लिहिले: ‘भांगाची दुरुस्ती, दुसऱ्यांदा.’